अकरा नंबरची पुडी

त्या प्रयोगशाळेत मायक्रोताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातला एक भाग इकडचा तिकडे झाला तरी कपाळाला आठ्या घालायच्या, असा त्यांचा स्वभाव. घरीसुद्धा नवरा म्हणायचा की हिच्यासमोर चहात साखर टाकताना हात थरथरतो. त्यामुळे नमुन्यांच्या कपाटातली अकरा नंबरची पुडी चाळीस ग्रॅमवरून एकतीस ग्रॅमवर आली आहे, हे आधी त्यांच्याच लक्षात यावं यात नवल काहीच नव्हतं.

त्या महिन्यात प्रयोगशाळेकडे खाण्याच्या समुद्री शेवाळाचं काम आलं होतं. दुकानादुकानांतून बावीस नमुने गोळा करून आणले होते. काही कागदासारखे पातळ, भाजून वरून मीठ भुरभुरलेले. काही जाड पट्ट्यांचे. दोन-तीन तर काळेभोर, फणीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखे. शेवाळ समुद्राच्या पाण्यातून आर्सेनिक शोषून घेतं, तेव्हा कशात किती आहे ते मोजायचं होतं.

पण नुसतं मोजून भागत नाही, हे मायक्रोताई नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समजावत. आर्सेनिकचं माणसासारखंच आहे, म्हणत, संगत कोणाची आहे यावर सगळं. शेवाळातलं बरंचसं आर्सेनिक साखरेच्या रेणूला चिकटून बसलेलं असतं. ते बहुतेक मुकाट्याने येतं आणि मुकाट्याने जातं. काही जातींत मात्र ते मोकळंच फिरत असतं, आणि घातक ते. म्हणून त्यांच्या खोलीतलं यंत्र आधी एका बारीक नळीतून या सगळ्या मंडळींना एकामागोमाग एक सोडायचं आणि मग प्रत्येकाला वेगवेगळं मोजायचं. एकूण आकडा म्हणजे नुसती गर्दी. गर्दीत चोर कोण हे नळी सांगते.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले जात. एक तपासायला, दुसरा पुडीत बंद करून कपाटात. उद्या एखाद्या दुकानदाराने निकाल मान्य केला नाही, तर हा दुसरा भाग साक्षीला काढायचा. साक्षीदारच जर दिवसेंदिवस हडकत चालला, तर कसं व्हायचं?

मायक्रोताईंनी बावीसच्या बावीस पुड्या पुन्हा तोलल्या. नऊ, अकरा आणि चौदा, तिन्ही कमी. तिन्ही भाजलेल्या आणि खारवलेल्या. पुड्यांची चिकटपट्टी सोडवून परत नीट दाबलेली. काम सावकाश, नीटनेटकं आणि रोजच्या सवयीचं दिसत होतं.

त्यांनी साहेबांना कळवलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. मूळचे दूध तपासणीतले. दुधात पाणी किती, हे म्हणे ते पूर्वी ग्लास डोळ्यांसमोर धरून सांगत. आर्सेनिकशी त्यांचा संबंध सहीपुरता. गोष्ट ऐकून साहेब फार गंभीर झाले. हा विश्वासाचा प्रश्न आहे, असं दोनदा म्हणाले आणि त्याच दिवशी भांडारकाकांच्या नावाने पत्र काढलं.

भांडारकाका भांडार सांभाळत, नमुन्यांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडे. पोट मोठं, चाल हळू, आणि दुपारी दोन डबे संपवतात अशी ख्याती. संशय घ्यायला लोकांना आणखी काय लागतं? दोन दिवसांत काका दिसले की कोणी ना कोणी कुरकुरीत काहीतरी चावल्याचा आवाज काढू लागलं. आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला होता, तो काकांनी दोन ओळींत दिला: मी खाल्लेलं नाही. कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत.

साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि कागद फायलीत लावला.

मायक्रोताईंना हे आवडलं नव्हतं. तीस वर्षांत काकांनी एक रिकामी बाटलीसुद्धा घरी नेली नव्हती. पण वजन कमी झालंय हे सिद्ध करता येत होतं, कोणी केलं हे नाही. आणि जे मोजता येत नाही त्यावर बोलायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात वर्षाची आरोग्य तपासणी आली. आर्सेनिकची द्रावणं हाताळणाऱ्या लोकांची लघवी दरवर्षी बाहेरच्या दवाखान्यात तपासायला जाई. या खेपेला साहेबांनी जाहीर केलं की नियम सगळ्यांना सारखा; प्रमुखापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे बाटली देतील, आणि पहिली बाटली ते स्वतः देतील. दिलीही. बाटली हातात धरून फोटोसुद्धा काढून घेतला, तो सूचनाफलकावर लागला.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. निकाल आले तेव्हा दिवसभर आर्सेनिकशी खेळणारे सगळे स्वच्छ निघाले. नुसत्या खुर्चीवर बसणाऱ्या साहेबांचा आकडा मर्यादेच्या नऊ पट होता.

दवाखान्यातला डॉक्टर नवा होता आणि पुस्तकाप्रमाणे चालणारा. त्याने साहेबांना विचारलं, घरी विहिरीचं पाणी पिता का, उंदरांचं औषध ठेवता का. साहेबांनी नकारार्थी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्याचा रंग भिंतीसारखा झाला होता, असं डॉक्टरने पुढे सांगितलं. तेव्हा त्याने साहेबांच्या घरीही फोन केला. साहेबांच्या पत्नीला त्याने विचारलं की घरी स्वयंपाक कोण करतं, आणि मग जरा घसा साफ करून, अलीकडे नवरा-बायकोत काही वाद वगैरे?

वहिनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्या होत्या. प्रश्नाचा रोख कळायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, स्वयंपाक मी करते आणि वाद रोज होतो, मिठावरून. साहेबांचा रक्तदाब वाढल्यापासून सहा महिने घरात अळणी जेवण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रयोगशाळेत हजर झाल्या, साहेब यायच्या आधी. मायक्रोताईंच्या टेबलावर त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून ठेवली. झाकण घट्ट लावलेलं, वर तारीख, वेळ आणि नाव सुवाच्य अक्षरात.

"हे माझं," वहिनी म्हणाल्या. "आम्ही दोघं एकाच पातेल्यातलं जेवतो आणि एकाच माठातलं पाणी पितो. माझ्यात विष निघालं तर माझं घर दोषी. नाही निघालं तर माझं स्वयंपाकघर सुटलं. बरोबर?"

तुलनेला दुसरा नमुना ठेवावा हे कळायला मायक्रोताईंच्या हाताखालच्या काही पदवीधरांना वर्षं लागली होती.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बसा, वहिनी."

साहेबांच्या बाटलीतलं उरलेलं डॉक्टरने आधीच चिठ्ठीसह पाठवलं होतं, वेगवेगळं करून मोजा म्हणून. मायक्रोताईंनी दोन्ही बाटल्या यंत्रावर लावल्या. पडद्यावर वहिनींची रेघ आली, शांत तळ्यासारखी सपाट. मग साहेबांची सुरू झाली. पहिली काही मिनिटं काहीच नाही. घातक आर्सेनिक जिथे उठायला हवं ती जागा आली आणि जवळजवळ सपाटच गेली. मग एकाएकी एक टेकाड उठलं, एवढं उंच की पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन टेकलं, आणि त्याच्यामागे दोन छोटी.

मायक्रोताईंना हे टेकाड ओळखीचं होतं. शेवाळातलं साखरेचं आर्सेनिक माणसाच्या पोटातून फिरून बाहेर पडतं, ते बहुतेक याच रूपात. उंदरांच्या औषधाचा इथे काही संबंध नव्हता. साहेबांनी शेवाळ खाल्लं होतं, आणि चवीपुरतं नव्हे.

कुंपणच शेत खात होतं तर. मायक्रोताईंना हसू आवरेना. दुसरी किल्ली साहेबांकडेच असते, हे त्यांना तेव्हा आठवलं. काकांची दुसरी ओळही आठवली.

त्यांनी वहिनींना सगळं समजावून सांगितलं. वहिनी आधी हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग ते पाणी हसण्याचंच आहे का अशी शंका यावी इतका वेळ पदराने डोळे पुसत राहिल्या.

"मला रक्तदाब नाही," त्या म्हणाल्या. "मला कोणी मीठ सोडायला सांगितलेलं नाही. यांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून सहा महिने मीही अळणी गिळतेय. आणि हे इथे बसून चुरुचुरु..."

मायक्रोताई उठून पुड्या पुन्हा तोलायला गेल्या. तिथे त्यांचं हसू मावळलं. आता सतरा नंबरची पुडीही कमी भरत होती. जेमतेम चिमूटभर, पण कमी. आणि सतरा नंबर म्हणजे ते काळं, केसांच्या गुंत्यासारखं शेवाळ. परवाच त्याचा निकाल लागला होता: त्यात मोकळं, घातक आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी वर. बाटली गेल्या आठवड्यातली. त्यानंतर या माणसाने काय काय तोंडात टाकलं, ते बाटली कुठून सांगणार?

म्हणजे आता विचारणं भाग होतं. पण सरळ विचारलं तर साहेब कबूल होणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. काकांच्या विरुद्ध काढलेल्या पत्रावर त्यांची स्वतःची सही होती.

"तुम्ही काही विचारूच नका," वहिनी म्हणाल्या. "मुलांना चूक विचारली की ती गप्प बसतात. चुकीचं उत्तर आपण सांगितलं, की दुरुस्त करायला धावतात."

आणि त्या शेजारच्या तराजूच्या खोलीत जाऊन बसल्या. दार अर्धवट उघडं ठेवलं.

साहेबांना बोलवायची वेळच आली नाही. साडेदहाच्या सुमारास तेच आले. दार लावून घेतलं. एका रात्रीत त्यांचा चेहरा उतरला होता. आपण ज्यात आर्सेनिक शोधायला माणसं बसवली तेच आपण खात होतो, हे त्यांच्या डोक्यात त्या डॉक्टरच्या खोलीतच लख्ख उजाडलं होतं. पण तोंडाने मात्र त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या, यंत्र बरं चाललंय का विचारलं, खिडकीची कडी तपासली. मग म्हणाले, "ताई, समजा माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याने थोडं शेवाळ खाल्लं. तर?"

"किती खाल्लं?"

"अगदी चवीपुरतं."

"रोज?"

"सुट्टीचे दिवस सोडून."

मायक्रोताईंनी नमुन्यांची यादी पुढे ओढली आणि पेन्सिल हातात घेतली. चेहरा त्यांनी असा ठेवला होता की तराजूचा काटासुद्धा हलला नसता.

"मग कठीण आहे," त्या म्हणाल्या. "बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते काळं. आमच्या यादीतल्या सतरा नंबरसारखं. तुमच्या माणसाने तेच खाल्लं असणार, भरपूर. त्यात घातक आर्सेनिक आहे. मी आत्ताच डॉक्टरांना फोन करते."

"सतरा नव्हे," साहेब घाईघाईने म्हणाले. "नऊ, अकरा आणि चौदा. जास्त करून अकरा. सतरा चार दिवसांपूर्वी फक्त चिमूटभर तोंडात टाकलं, वातड लागलं, लगेच थुंकून चूळ भरली."

मायक्रोताईंची पेन्सिल यादीवर थांबली.

"म्हणजे, असं तो म्हणत होता," साहेब म्हणाले.

"तुमच्या ओळखीच्या माणसाला आमच्या कपाटातले नंबर पाठ आहेत," मायक्रोताई म्हणाल्या.

तराजूच्या खोलीचं दार उघडलं. वहिनी उंबरठ्यावर उभ्या होत्या, खांद्याला पिशवी.

"त्या ओळखीच्या माणसाला सांगा," त्या म्हणाल्या, "त्याची बायको आली आहे."

साहेब खुर्चीत बसले. म्हणजे खुर्ची तिथे होती म्हणून बसले. पुढे काय बोलणं झालं ते मायक्रोताईंनी कधी कोणाला सांगितलं नाही. त्या मुद्दाम दोघांकडे पाठ फिरवून न लागणारी परीक्षानळी धूत उभ्या होत्या. एवढं मात्र त्यांच्या कानावर पडलं की साहेबांनी पुन्हा पुन्हा एकच सांगितलं: दुपारी डबा खाल्ल्यावर जीभ कोरडी पडायची, आणि पहिल्या दिवशी पुडी फक्त वासासाठी उघडली होती. वहिनींनी यावर वाद घातला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की त्या भांडारातल्या गृहस्थांचं काय करणार आहात?

साहेब उठले आणि सरळ भांडारात गेले. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली होती, चार माणसं तिथे डबे उघडून बसली होती. साहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर काकांना बाजूला बोलावून दोन शब्द पुटपुटला असता. साहेबांनी तसं केलं नाही. सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले की पुड्या मी उघडल्या, शेवाळ मी खाल्लं आणि पत्र मात्र तुम्हाला काढलं. मला माफ करा.

काकांनी तोंडातला घास नीट चावून गिळला.

"मला माहीत होतं, साहेब," ते म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात. तुमच्या मिशीत हिरवे कण असायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"मी लिहून दिलं होतं. दुसऱ्या ओळीत."

साहेबांनी मान खाली घातली. मग खिशातून कपाटाची दुसरी किल्ली काढून काकांसमोर ठेवली, की यापुढे ही पण तुमच्याकडेच राहू द्या. काकांनी किल्लीकडे बघितलं आणि बोटाने ती परत सरकवली. "नको साहेब," ते म्हणाले. "पुन्हा काही कमी झालं तर संशयाला मी एकटाच उरेन." तिथे बसलेल्या चौघांपैकी एकाला ठसका लागला. आधी कुरकुरीत आवाज काढणारा तोच होता. अखेर ती किल्ली पाकिटात बंद करून वरच्या कचेरीत पाठवली गेली.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. चारही पुड्या उघडल्या गेल्या होत्या, तेव्हा साक्षीदार म्हणून त्या बाद. दुकानातून नवे नमुने आणायला लेखी कारण द्यावं लागत होतं. मायक्रोताईंनी कारणाची जागा कोरी ठेवून कागद साहेबांपुढे ठेवला. वाटलं असतं तर साहेब लिहू शकले असते की पुड्या ओल लागून खराब झाल्या. कोणी विचारलं नसतं. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं: ठेवलेले नमुने माझ्या हातून उघडले गेले व त्यातील काही भाग मी खाल्ला. खाली सही, तारीख. वरच्या कचेरीतून पंधरा दिवसांनी ताशेरा आला आणि तो त्यांच्या सेवापुस्तकात लागला. तो त्यांनी स्वतःच लावून घेतला.

सतरा नंबरचा नवा नमुना आला, तपासला, आकडा तोच निघाला. दुकानांतून ते काळं शेवाळ उतरवलं गेलं. व्यापारी तणतणत आला, की लोक हे वर्षानुवर्षं खातायत. मायक्रोताईंनी त्याला तेच शेवाळ भिजवून, उकळून, पाणी ओतून देऊन केलेला मोजणीचा कागद दाखवला. आर्सेनिक बरंच उतरलेलं दिसत होतं, पण राहिलेलंही मर्यादेच्या वरच होतं. व्यापाऱ्याने विचारलं की थोडंसं चाखून बघितलं तर काय होतं? मायक्रोताई म्हणाल्या की ते आमच्या साहेबांना विचारा. साहेबांनी त्याला अर्धा तास समोर बसवून घेतलं, आणि बाहेर येताना तो माणूस वाद घालत नव्हता.

डॉक्टरने साहेबांना तीन दिवस समुद्रातलं काहीही न खाता पुन्हा बाटली द्यायला सांगितलं. आकडा खाली आला. चिमटीभर सतरा नंबरचा मागमूसही नव्हता. डॉक्टर स्वतः वहिनींना भेटायला आला आणि फोनवरच्या प्रश्नाबद्दल चाचरत काहीतरी बोलू लागला. वहिनींनी त्याला मध्येच थांबवलं. तुमचा प्रश्न चुकला नव्हता, म्हणाल्या, क्रम चुकला. आधी विचारायचं, गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं. त्या महिन्यापासून दवाखान्याच्या अर्जावर पहिला प्रश्न तोच छापला जाऊ लागला.

घरी वहिनींनी डॉक्टरला विचारून एका लहान बरणीत आठवड्याचं मीठ मोजून काढलं आणि ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. दोघांत मिळून तेवढंच. कधी आणि कशावर घालायचं ते साहेबांनी ठरवायचं. पहिल्या आठवड्यात साहेबांनी बुधवारी दुपारीच बरणी उपडी करून ठोकून बघितली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार वहिनी समोर बसून अळणी जेवल्या, आणि साहेबही तोंड वाकडं न करता जेवले. पुढच्या आठवड्यात बरणी शुक्रवारपर्यंत पुरली. शुक्रवारी तळाशी उरलेलं मीठ साहेबांनी चमच्याच्या टोकाने गोळा केलं आणि न विचारता वहिनींच्या ताटात वाढलं.